पाणी जातं त्या वाटेनं

कणकुंबीच्या माळावर पडलेल्या पावसाला दोन वाटा फुटतात. काही पाणी पश्चिमेला घाट उतरतं, म्हादईत मिसळतं आणि गोव्याच्या समुद्राला मिळतं. काही मलप्रभेच्या उगमापाशी गोळा होऊन पूर्वेला वळतं, खानापूर, सौंदत्ती करत कृष्णा गाठतं आणि बंगालच्या उपसागरापर्यंत चालत जातं. ढग एकच, समुद्र दोन. सीमाभागातल्या बागा बघायला निघणाऱ्यानं हे चित्र आधी मनात धरावं. घाटापासून पूर्वेला सरकावं तसा इथे पाऊस झपाट्यानं आटतो. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर पडतो, विजापूरकडे त्याच्या निम्म्यावर येतो. मातीही तांबडीची काळी होते. त्यामुळे नकाशावर सगळीकडे हिरव्या ठिपक्यानंच दाखवलेली बाग दर पन्नास किलोमीटरला वेगळी निघते.

सुट्टीचे दोन दिवस हाताशी असले की आपण ठिकाणांची नावं जमवतो, अंतरं मोजतो आणि निघतो. बागेच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो. किल्ला मे महिन्यातही किल्लाच असतो, देऊळ दुपारी बारालाही देऊळच असतं. बाग तशी नसते. तिला महिना असतो, वेळ असते आणि तिच्या नळाला कुठल्या तरी तळ्याचं पाणी असतं. या तीन गोष्टी जुळल्या नाहीत तर दीडशे किलोमीटर गाडी हाकून वाळलेले वाफे आणि कुलूप लावलेलं फाटक बघून परत यावं लागतं. मग "तिथे काही नाही" असा शेरा त्या बागेच्या वाट्याला येतो. हा अन्याय आहे. तिथे असतं, आपण चुकीच्या दिवशी गेलेले असतो.

आधी महिन्याचं बोलू. आपल्याकडे बागेतल्या फुलांचे दोन मोठे हंगाम आहेत आणि ते एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. पहिला वाफ्यातल्या हंगामी फुलांचा. पिटुनिया, डायंथस, साल्विया, फ्लॉक्स, अॅस्टर, डेलिया ही थंडीची फुलं. त्यांचं बी पावसाळा ओसरताना गादीवाफ्यावर टाकतात, चार-पाच आठवड्यांनी रोप वाफ्यात जातं आणि त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी वाफा भरतो. म्हणजे डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. बेळगावात पाऊस लांबला, ऑक्टोबरभर रिपरिप राहिली, तर रोपं गादीवाफ्यावरच मर लागून जातात. कोवळा देठ जमिनीलगत पाणी धरून कुजतो आणि रोप आडवं पडतं. मग माळ्याला पुन्हा पेरावं लागतं आणि सगळा बहर महिनाभर पुढे सरकतो. म्हणून पावसाळा रेंगाळलेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत जाण्यापेक्षा संक्रांतीनंतर जावं.

गुलाबाचं गणित याहून नेमकं. छाटणी ऑक्टोबरात होते, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे नव्या फुटीच्या कोंबाच्या, जरा वर तिरका काप घेऊन. तिथून साधारण सहा-सात आठवड्यांनी पहिला बहर येतो. नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरात गेलात तर गुलाब त्याच्या पूर्ण रंगात भेटतो. दिवाळीत गेलात तर छाटलेल्या काटक्या दिसतात आणि बाग उजाड झाल्यासारखी वाटते. ती उजाड नसते, दीड महिन्यानंतरच्या फुलांची तयारी तेव्हा चालू असते.

शेवंतीची एक खुबी बहुतेकांना ठाऊक नसते. तिला रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरता येत नाही. दिवस लहान होऊ लागला की ती फुलोऱ्यावर येते. बागेत नवे प्रखर दिवे बसवले आणि ते रात्रभर शेवंतीच्या वाफ्यावर पडत राहिले तर झाडाला रात्र झाल्याचं कळतच नाही. दिव्याखालची ओळ नुसती पानं काढत उंच वाढते, तर दहा फुटांवर अंधारातली ओळ पिवळीधमक फुललेली असते. अशी ओळ दिसली तर खताला किंवा माळ्याला दोष देऊ नये, वर दिवा कुठे आहे ते बघावं.

दुसरा हंगाम झाडांचा, आणि माझं मत विचाराल तर तोच खरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि सावर निष्पर्ण फांद्यांवर पेटतात. मार्च-एप्रिलमध्ये नीलमोहर. एप्रिल-मेमध्ये बहावा, ताम्हण, गुलमोहर आणि सोनमोहर. या दिवसांत वाफे कोरडे असतात, हिरवळ पिवळी पडलेली असते आणि बागेत गर्दी नसते. मान वर करून बघणाऱ्याला मात्र वर्षातला सगळ्यात मोठा बहर तेव्हाच मिळतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, नीलमोहर दक्षिण अमेरिकेतला, सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियाचा. बहावा, पळस आणि ताम्हण आपल्या मातीतले. परदेशी झाडाचा राग करण्याचं कारण नाही, पण बागेत फिरताना मुलांना हा फरक जरूर सांगावा. बहाव्याखाली भुंगे, फुलपाखरं आणि पक्षी यांची जी लगबग असते ती परक्या झाडाखाली तितकी दिसत नाही, आणि ते मुलांना आपलं आपण मोजता येतं.

एक सावधगिरी. एप्रिल-मेमध्ये बेळगावला वळवाचा पाऊस दुपारनंतर वाऱ्यासकट येतो. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवर पसरलेली. वर्षावृक्षाच्या आडव्या फांद्या पावसात भिजून फार जड होतात. वारं सुटलं की या दोन झाडांखाली आडोसा घेऊ नये, गाडीही लावू नये. वर्षावृक्षाची पानं ढग दाटले की आणि संध्याकाळ झाली की मिटतात. ती मिटताना बघायला थांबावंसं वाटतं, तेव्हा उघड्या जागेवरून बघावं.

बेळगाव शहरात सुरुवात सकाळी करावी आणि ती टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोपासून करावी. कधीकाळी इथे देवीची लस तयार होत असे. देवीचा रोग देशातून गेला, लसीचं काम संपलं, आणि मागे राहिलं ते मोठमोठ्या जुन्या झाडांचं आवार. ही रीतसर आखलेली बाग नव्हे, वाफे आणि कारंजी शोधायला इथे येऊ नये. इथे यायचं ते पायाखालची माती बघायला. वर्षानुवर्षं पडलेला पालापाचोळा झाडाखालीच कुजला की माती कशी होते ते वाळकी काडी टोचून बघितलं तरी कळतं. काडी सहज आत जाते. शहरातल्या फरसबंद बागेत झाडाच्या बुंध्याशी हाच प्रयोग केला तर काडी मोडते. बुंध्याभोवती निदान एक मीटर जागा उघडी ठेवायला हवी, कारण पाणी आणि हवा तिथूनच मुळांपर्यंत जाते. सिमेंट बुंध्याला भिडवलं की झाड लगेच मरत नाही, पाच-सात वर्षांनी शेंड्याकडून वाळत येतं आणि तोपर्यंत सिमेंटचा कोणाला संशयही येत नाही. कुठल्याही सार्वजनिक बागेची पारख करायची असेल तर फुलांकडे जाण्याआधी मोठ्या झाडांच्या पायाशी बघावं. खिळे, दिव्यांच्या माळांच्या तारा, चुन्याचे पट्टे, सिमेंटचे कट्टे. जिथे बुंधे मोकळे आहेत तिथे माळ्याचं ऐकलं जातं, असं खुशाल समजावं.

तिथून कॅम्पात शिरावं. मिलिटरी महादेवाच्या देवळाभोवतीची बाग लष्कराच्या शिस्तीची आहे. कडा कापलेल्या, हिरवळ एकसारखी, पाचोळा सकाळीच उचललेला. क्लब रोडवरचा ह्यूम पार्क बागायत खात्याचा. बेळगावची फळा-फुलांची प्रदर्शनं इथे भरतात. प्रदर्शनाच्या दिवसांत गर्दीत धक्के खाण्यापेक्षा साध्या दिवशी सकाळी जाऊन रोपवाटिकेत रेंगाळावं, तिथल्या कामगारांना वेळ असतो. "मामा, हे कलम कशावर बांधलंय?" एवढं विचारलं की पुढची पंधरा मिनिटं शिकायला मिळतं. मराठी, कन्नड दोन्ही चालतं. पाट्या मात्र बहुधा कन्नडमध्ये असतात, तेव्हा चार शब्द कानावर असलेले बरे: तोट म्हणजे बाग, हूवु म्हणजे फूल, नीरु म्हणजे पाणी, आणि "हूवु कीळबेडी" म्हणजे फुलं तोडू नका. आपली अबोली त्यांची कनकांबर. सीमाभागातल्या गजऱ्यात दोन्ही नावं एकाच दोऱ्यात ओवलेली असतात.

दुपार किल्ल्यात घालवावी, कारण सार्वजनिक बागांची फाटकं बहुतेक ठिकाणी दोन पाळ्यांत उघडतात: पहाटे ते नऊ-दहा आणि मग चारनंतर. मधला वेळ झाडांना पाणी देण्याचा, कापणीचा. आठवड्यातून एक दिवस देखभालीसाठी बंद ठेवण्याचीही रीत आहे, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करावी. किल्ल्यातल्या कमल बस्तीत १२०४ सालचं दगडी कमळ छताला उमललेलं आहे. रट्ट राजघराण्याच्या काळातलं हे जैन मंदिर. बागेच्या सहलीत त्याला जागा आहे, कारण पाकळ्यांची एकातून एक निघणारी रचना ज्यानं दगडात इतकी अचूक उतरवली त्यानं खऱ्या कमळाकडे फार वेळ बघितलेलं असणार. संध्याकाळी किल्ला तलावाचा काठ. लहान मुलं असतील तर शिवाजी उद्यान.

या सगळ्या बागांच्या नळाला पाणी येतं कुठून? बेळगाव शहराची तहान भागते ती मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपमधून आणि घटप्रभेवरच्या हिडकलमधून. राकसकोप लहान जलाशय, पावसाळा उशिरा आला की मे-जूनमध्ये त्याचा तळ दिसू लागतो. तेव्हा माणसांचं पाणी आधी आणि बागेचं शेवटी, आणि ते तसंच हवं. पण त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. हिरवळ आधी जाते, मग वाफे, मग कुंड्या. मोठी झाडं टिकतात. म्हणून उन्हाळ्यात बेळगावला यायचं तर व्हॅक्सिन डेपो आणि कॅम्पातल्या झाडांसाठी यावं, हिरवळीवर सतरंजी अंथरायला नको.

पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात, बागेचा विचारच सोडून जांबोटीमार्गे पश्चिमेला जावं. सड्यांवर, म्हणजे कातळाच्या सपाट माथ्यांवर, तेव्हा पावसानं स्वतः लावलेली बाग असते: तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, कड्याच्या कडेला कारवी. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा तिच्या भरवशावर बेत आखू नये. सड्यावर माती बोटभरच असते आणि तिच्यावर पडलेलं पाऊल पुढच्या वर्षीपर्यंत दिसतं, म्हणून मळलेल्या वाटेवरूनच चालावं. जळवा लागतात, लांब मोजे घालावेत आणि मिठाची पुडी जवळ ठेवावी. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत जायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी.

दुसऱ्या दिवशी पूर्वेला वळावं. हुक्केरी बेळगावहून सुमारे पन्नास किलोमीटर. या गावाचं नाव हूविनकेरी, म्हणजे फुलांची वस्ती, यावरून आलं असं सांगतात. इथले गुलाब विजापूरच्या दरबारात जात, हीही आठवण गावात आहे. केरी म्हणजे गल्ली किंवा वस्ती आणि केरे म्हणजे तळं. कन्नड कानाला ऱ्हस्व-दीर्घाचा हा फरक फार मोठा, मराठी कानाला तो निसटतो आणि मग "फुलांचं तळं" असा चुकीचा अर्थ पसरतो. गावात आदिलशाही काळातले घुमट आणि कारंज्यांची जुनी पाणीयोजना यांच्या खुणा आहेत. आज इथे तिकीट काढून बघावी अशी बाग नाही. तरी तासभर थांबावं, कारण पुढे विजापूरला जे मोठ्या प्रमाणावर बघायचं आहे त्याची बाराखडी इथे आहे: पाऊस कमी, तरी कारंजं हवं, म्हणून पाणी दुरून आणि उंचावरून आणायचं.

हिडकल तिथून जवळच. जलाशय ५१ टीएमसीचा, म्हणजे ५१ अब्ज घनफूट पाण्याचा. कर्नाटकात धरण तिथे बाग ही रीत म्हैसूरच्या कृष्णराजसागराखालच्या वृंदावन उद्यानानं, १९३२ पासून, रुजवली. त्यामागे शोभेइतकंच साधं कारण आहे. धरणाच्या पायथ्याशी पाणी पंपाशिवाय, स्वतःच्या दाबानं येतं, कारंज्याला वीज लागत नाही किंवा कमी लागते, आणि जमिनीत बाराही महिने ओल राहते. तोट्यालाही तीच ओल कारण. झिरपणारं पाणी सखल वाफ्यात साचतं, तिथे गुलाब पिवळा पडतो आणि कर्दळ माजते. धरणाखालच्या बागेत कर्दळीचे दाट पट्टे दिसले की खाली पाणी उभं आहे हे ओळखावं. धरणाच्या भिंतीचे फोटो काढू देत नाहीत, हुज्जत घालू नये. पावसाळ्यात पाणी सोडण्याच्या काळात नदीकाठ बंद असतो आणि तो बंद असणंच बरं.

खाली धुपदाळचा बंधारा, १८९७ सालचा. त्याच्या फुगवट्यावर घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे, जवळपास तीस चौरस किलोमीटरचं. हिवाळ्यात कांड्या करकोचे आणि पांढरे करकोचे उतरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळी सातच्या आत पोहोचावं, थंडीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि त्यानंतर तासाभरात पक्षी शेतांकडे पांगतात. गोकाकचा धबधबा मात्र याच दिवसांत बारीक असतो. ५२ मीटरवरून कोसळणारं पाणी बघायचं तर जुलै ते सप्टेंबर. पक्षी आणि धबधबा एका सहलीत भरपूर मिळत नाहीत, दोन्हींची आशा धरणारे गोकाकची करदंट नावाची मिठाई तेवढी घेऊन हिरमुसले परततात.

गोकाकजवळ अरभावीला कित्तूर राणी चन्नम्मा यांच्या नावाचं उद्यानविद्या महाविद्यालय आहे. सहलीच्या यादीत त्याचं नाव नसतं आणि मला ते असावंसं वाटतं. फाटकावर विचारून, परवानगी मिळाली तरच आत जावं, ती शिकण्याची जागा आहे. तिथे फुलांची शेती आणि उद्यानरचना हे विषय शिकवले जातात. गलांडा, झेंडू, निशिगंध ही आपल्या हारातली फुलं अशा ठिकाणी वाणानुसार ओळीत लावलेली बघायला मिळाली, तर बाजारात एकसारख्या वाटणाऱ्या झेंडूंमध्ये किती जाती आहेत ते कळतं.

आता मातीबद्दल, कारण गोकाकच्या पुढे तिच्याशिवाय बागेचं काही समजत नाही. पश्चिमेची तांबडी माती पाणी सोडते, पूर्वेची काळी धरून ठेवते. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर थेट लावलेली हिरवळ मार्चमध्ये फाटते, पायवाटेच्या फरशा वरखाली होतात, कट्ट्यांना चिरा जातात. शिवाय तिच्यात चुना असतो. चुन्याच्या मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. एक्झोरा, जास्वंद, गुलाब यांची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तांबड्या मातीत गडद हिरवा दिसणारा एक्झोरा विजापूरच्या वाफ्यात पांढुरका पडलेला असतो तो याच कारणानं. पाणी वाढवून तो सुधारत नाही, उलट बिघडतो. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि ग्रॅमभर लिंबूसत्व घालून सकाळी पानांवर फवारा मारला तर आठ-दहा दिवसांत हिरवेपणा येऊ लागतो, पण तो त्या पानांपुरता. कायमचा उपाय म्हणजे वाफ्यातली काळी माती फूट-दीड फूट काढून, पाण्याला निचऱ्याची वाट ठेवून, तांबडी माती आणि शेणखत भरणं, आणि पूर्वेकडच्या चांगल्या बागा तेच करतात. वाफ्यात तांबडी आणि पलीकडच्या शेतात काळी माती दिसली तर ती बाग गाड्यांनी आणलेल्या मातीवर उभी आहे.

उलट बोगनवेलीचं. तिला पाणी कमी पडलं की रंग चढतो. आपण फूल म्हणतो ती रंगीत पानं, खरं फूल त्यांच्या मधोमध पांढरं आणि एवढंसं. बेळगावच्या पावसाळ्यात ती नुसती पालेदार फांद्या फेकते, विजापूरच्या कोरड्या वाऱ्यात तीच भिंतभर पेटते. जिथे कुठे बोगनवेल हिरवीगार आणि बिनफुलांची दिसेल तिथे माळी तिला मायेनं रोज पाणी पाजतोय असं समजावं.

आलमट्टीला कृष्णेवरच्या धरणाशेजारी मोठी उद्यानं आहेत: रॉक गार्डन, लव-कुश उद्यान, मोगल आणि इटालियन धर्तीच्या बागा, संगीत कारंजं. बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परतण्याचं हे ठिकाण नव्हे, मुक्काम विजापूर किंवा बागलकोटला धरावा. दुपारी साडेतीन-चारला आत शिरावं, उन्हं उतरता उतरता उद्यानं बघावी आणि अंधारात कारंजं. चढउतार बराच आहे, गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी एकच उद्यान निवडावं. माणशी दोन लिटर पाणी हवंच. मोगल धर्तीच्या बागेत मधल्या पाण्याच्या पाटाशी उभं राहून दोन्ही बाजूंच्या झाडांची उंची बघावी. पाटाशी बुटकी झाडं आणि बाहेर उंच, म्हणजे नजर पाण्यावरून थेट टोकाला जाते. ही रचना जिथे बिघडते तिथे बहुधा कोणीतरी मध्येच पामची रांग लावलेली असते.

या जलाशयाची पातळी ५१९.६० मीटरपर्यंत जाते आणि त्या पाण्यानं घटप्रभेकाठच्या जुन्या बागलकोटचा मोठा भाग गिळला. ज्यांची घरं, परसातली शेवग्याची झाडं, तुळशीवृंदावनं पाण्याखाली गेली त्यांनी नव्या वसाहतीत पुन्हा झाडं लावली. आलमट्टीच्या कारंज्यापुढे टाळ्या वाजवताना ही गोष्ट माहीत असलेली बरी. त्यानं कारंज्याचा आनंद कमी होत नाही, पाण्याची किंमत तेवढी कळते.

विजापूर हे या वाटेचं शेवटचं टोक, आणि ज्याला बागेचं मर्म जाणून घ्यायचं आहे त्याच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. गोल घुमटाभोवतीची हिरवळ सगळे बघतात. घुमटात मात्र सकाळी दार उघडताच जावं, एकदा गर्दी झाली की आवाजाच्या सज्जातली कुजबुज ऐकू येत नाही. पण बागेसाठी जायचं ते इब्राहिम रोज्याला. १६२७ च्या सुमारास पुरी झालेली ही वास्तू: एका चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मधोमध हौद आणि कारंजं, भोवती भिंतीनं वेढलेली बाग. हौद कोरडा असला तरी त्याच्या काठाशी बसावं. वर्षाला सहाशे मिलिमीटर पावसाच्या पठारावर, जवळ मोठी नदी नसताना, राजधानीत कारंजी उडवायची हे धाडस कशाच्या जोरावर केलं असेल?

उत्तर शहराबाहेर आहे. जवळच्या तोरवी गावाहून भुयारानं पाणी आणलं. बेगम तलाव १६५१ सालचा, तिथून दगडी बांधकामात बंदिस्त केलेल्या खापरी नळांतून पाणी शहरात यायचं. उतारावरून येणाऱ्या पाण्याचा दाब नळाला फोडू शकतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी उंच बुरूज बांधले. त्यांना गंज म्हणतात. पाणी गंजात वर चढायचं, दाब मोकळा व्हायचा, गाळ तळाशी बसायचा आणि स्वच्छ पाणी पुढच्या नळात जायचं. असे गंज आजही रस्त्याकडेला, घरांच्या दाटीत उभे दिसतात आणि लोक त्यांना टेहळणीचे बुरूज समजतात. ताजबावडी (१६२०) आणि चांदबावडी या विहिरी त्याच व्यवस्थेच्या भाग. वेळ असेल तर सिंदगी रस्त्यावर कुमठगीला जावं. तळ्यातल्या जलमहालाच्या गच्चीवर पाणी चढवून ते छताच्या तोट्यांतून पावसासारखं खाली पाडायची सोय होती. कणकुंबीला जो पाऊस चार महिने फुकट कोसळतो तोच इथे इतक्या खटाटोपानं, काही घटकांपुरता, माणसांनी पाडला.

परतताना जवळजवळ प्रत्येक गाडीत एखादं रोप असतंच, आणि त्यातली निम्मी महिन्याभरात मरतात. तेव्हा रोपाचंही सांगून टाकतो. फुलांनी लगडलेलं रोप घेऊ नये, कमी फुलांचं आणि जाड खोडाचं घ्यावं. पिशवीच्या तळाशी मुळं बाहेर येऊन गुंडाळली असतील तर ते रोप जुनं झालंय. गुलाबाचा डोळा कुठे भरलाय, म्हणजे कलम कुठे बांधलंय, ते बघावं. त्याच्या खालून फुटलेली, बहुधा सात पानांची फांदी रानगुलाबाची, ती मुळापासून काढावी, नाहीतर दोन वर्षांत तीच सगळं झाड व्यापते. गाडीत रोप खिडकीशी ठेवू नये, चालत्या गाडीचं वारं चार तासांत पानं सुकवतं. पायाशी, ओल्या गोणपाटात ठेवावं. घरी आल्यावर आठ-दहा दिवस सावलीत राहू द्यावं, मग लावावं.

काळ्या मातीत राहणाऱ्यांची एक चूक फार हळहळ लावते. निचऱ्याची वाट न ठेवता दीड फुटाचा खड्डा घेतात, हौसेनं बेळगावची तांबडी माती आणि शेणखत भरतात, गुलाब लावतात. पावसाळ्यात भोवतालची काळी माती घट्ट होते आणि तो खड्डा पाण्यानं भरलेल्या घंगाळासारखा होतो. मुळं कुजतात. त्यापेक्षा जमीन नुसती खणून मोकळी करावी, तिच्यावर अर्धा-पाऊण फूट उंचीचा तांबड्या मातीचा ढीग करावा आणि रोप त्या ढिगावर लावावं, डोळा मातीच्या दोन इंच वर ठेवून. पाणी आळ्यात द्यावं, बुंध्याशी नको. आणि पहिली तांबूस पालवी फुटेपर्यंत खताची पिशवी उघडू नये.